‘अजून शिकतेच आहे का?’ हा प्रश्न आता पुरे!

इंदूरकर मंडळी, आज जरा कडू बोलतो. राग मानू नका.

आपल्या वधू-वर मेळाव्यात सॉफ्टवेअरवाल्या मुलाचा फॉर्म हातोहात फिरतो. माझी भाची मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करते, वय २९. तिच्या फॉर्मवर एकच शेरा, "अजून शिकतेच आहे का?" अहो, ती काम करते!

काय काम? मी बी.कॉम., जन्म बँकेत गेला, समजलं तेवढं सांगतो. क्ष-किरण स्फटिकावर सोडले की ठरावीक कोनांतच जोरात बाहेर पडतात. ते मोजले की आतली अणूंची मांडणी कळते. प्रत्येक पदार्थाचा आलेख वेगळा. आम्ही चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून बघायचो ना, तसंच हे. याचा पाया घालणाऱ्या ब्रॅग बापलेकांना १९१५ चं नोबेल मिळालं. लेक तेव्हा अवघा २५ वर्षांचा!

"पण उपयोग काय?" ऐका. १९९८ साली रिटोनाव्हिर या एड्सवरच्या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. रेणू तोच, पण स्फटिकाची रचना बदलली आणि औषध नीट विरघळेना. असा बदल पकडायचं एक मुख्य साधन म्हणजे हे तंत्र. पिथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, हे विसरू नका.

आणि हे सगळं आपल्या दारात आहे. राजेंद्रनगरजवळ, ज्याला आपण अजून ‘कॅट’च म्हणतो, तिथे इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचं केंद्र आहे. देशभरातली पोरं आपले नमुने घेऊन इथे येतात. आपण मात्र पाहुण्यांना राजवाडा आणि सराफा दाखवून मोकळे!

आईबापांची काळजी खोटी नाही, हेही मान्य. २०२३ पासून फेलोशिप महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. कागदावर! भाचीची पाच महिने आलीच नाही. बँकेत पगार पाच दिवस लांबला असता तर आम्ही गेटवर झेंडे लावले असते. कोटीचं यंत्र आलं की फीत कापायला सगळे हजर, पण ते चालवणारा वर्षा-वर्षाच्या करारावर. यंत्र घेऊन माणूस न ठेवणाऱ्या कारखान्याला मी कर्ज मंजूर केलं नसतं.

मग जाब कोणाला विचारायचा? पोरीला की पैसे अडवणाऱ्यांना? पेन्शनसाठी आपण खासदाराला पत्रं लिहितो, मग यासाठी का नाही?

कमला सोहोनी इंदूरला जन्मल्या, १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. त्यांचा फोटो आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. त्यांनाही आधी ‘मुलगी’ म्हणून प्रवेश नाकारला होता. फोटोला हार आणि घरातल्या पोरीला टोमणे, हे कसं चालेल?

माझी मागणी साधी आहे. पुढच्या मेळाव्याच्या फॉर्मवर ‘संशोधन’ हे ‘शिक्षण’ या रकान्यात नको, ‘नोकरी-व्यवसाय’ या रकान्यात छापा. छपाईचा खर्च मी देतो.