एपीच्या क्रेडिटने डॉक्टरकीचं वर्ष वाचतं का?

महाडच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचे भाऊ न्यू जर्सीत असतात, भाची तिथल्या हायस्कूलमध्ये शिकते. केमिस्ट्री आणि बायोलॉजी या दोन्ही एपी परीक्षांत तिला ५ मिळाले, माशाअल्लाह. आता घरात हिशेब चालू आहे की, या क्रेडिटवर पदवी चारऐवजी तीन वर्षांत उरकायची आणि लगोलग मेडिकलला जायचं. एका वर्षाची फी वाचली तर तेवढं व्याजाचं कर्ज टळेल. भगिनी विचारतात, हे जमण्यासारखं आहे का? आपल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे वाढत आहेत, म्हणून उत्तर इथेच देते.

आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली की थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, आणि त्यानंतर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी. पदवी कोणत्याही विषयात घ्या, पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स असे काही विषय प्रयोगांसह झालेले असावे लागतात. बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही मागतात. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, मे महिन्यात; गुण १ ते ५. फी विषयाला सुमारे शंभर डॉलर. कॉलेजात त्याच विषयाला जे मोजावं लागतं त्यापुढे ही रक्कम किरकोळ, म्हणून मोह होतो.

पण इथे दरवाजे दोन आहेत, आणि घरच्या हिशेबात एकच धरला जातो. पहिला दरवाजा कॉलेजचा. किती गुणांवर किती क्रेडिट द्यायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. कुठे ३ चालतात, कुठे ५ शिवाय काही नाही. दुसरा दरवाजा मेडिकल स्कूलचा. कॉलेजने मान्य केलेलं क्रेडिट मेडिकल स्कूलने मानलंच पाहिजे असा नियम नाही. काही मानतात. काही म्हणतात, बायोलॉजीत एपी आहे ना, मग जेनेटिक्स किंवा फिजिऑलॉजीसारखा वरचा विषय प्रयोगांसह करून दाखवा. काही जण तर मानतच नाहीत. प्रत्येकाची अट वेगळी आणि ती बदलतेही. मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी ‘एमएसएआर’ नावाची सूची ठेवते. भाचीने तिथे आणि त्या-त्या मेडिकल स्कूलच्या संकेतस्थळावर अट पाहावी. नातेवाइकाच्या मुलाला कुठे काय चाललं, यावर विसंबू नये.

आणखी एक. बहुतेक मेडिकल स्कूल्सचे अर्ज एएएमसीच्या ‘एमकॅस’ या व्यवस्थेतून जातात. एपीचं क्रेडिट कॉलेजच्या गुणपत्रकावर नोंदलेलं असलं तरच तिथे धरतात. कॉलेज बोर्डाचा निकाल नुसता जोडून भागत नाही. आणि धरलं तरी एमकॅसच्या सरासरीत, म्हणजे जीपीएमध्ये, ते मिळवत नाहीत. हायस्कूलच्या त्या ५ गुणांचा सरासरीला काही उपयोग नाही.

आता तीन वर्षांच्या बेताकडे वळू. मेडिकलला ऑगस्टमध्ये बसायचं तर अर्ज आदल्या वर्षीच्या जूनच्या सुमारास करावा लागतो. म्हणजे तीन वर्षांत पदवी घेऊन त्याच वर्षी प्रवेश हवा असेल, तर अर्ज दुसरं वर्ष संपताच! तोवर एमकॅट ही प्रवेश परीक्षा झालेली हवी, आणि तिच्यात बायोकेमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, मानसशास्त्र, समाजशास्त्र सगळं येतं. विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत. ज्या मुलीने पहिल्या वर्षाचे वर्ग एपीवर सोडले, तिला ओळखणारे प्राध्यापक किती असतील? शिवाय रुग्णालयातला अनुभव, समाजसेवा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीवर हे सारं दोन वर्षांत लादायचं, आणि प्रवेश हुकला तर पुन्हा वर्षभर थांबायचं. मला हा सौदा पटत नाही.

तरी व्याजाची काळजी मी हलकी मानत नाही. तिथे कर्ज काढून मेडिकल करणाऱ्यांचं शिक्षणकर्ज सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरच्या घरात असतं. म्हणून माझी सूचना अशी. इतिहास, परकीय भाषा, अर्थशास्त्र अशा विषयांचं एपी क्रेडिट बिनधास्त वापरावं. मेडिकलच्या विषयांशी त्यांचा फारसा संबंध नसतो आणि पदवीचा भार हलका होतो. इंग्रजीचं मात्र विचारून घ्यावं, काही मेडिकल स्कूल्सना लेखनाचा वर्ग कॉलेजातलाच हवा असतो. बायोलॉजी-केमिस्ट्रीचं क्रेडिट वर्ग वगळायला न वापरता वरचा वर्ग लवकर घ्यायला वापरावं. एवढ्यानेही तीन वर्षांत पदवी होत असेल तर होऊ दे. मात्र अर्ज तिसऱ्या वर्षानंतर करावा आणि मधल्या वर्षी प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात पगारी काम करावं. वर्ष वाचणार नाही, पण एका वर्षाची फी वाचेल, वर चार पैसे हाती येतील.

खरी मोठी बचत दुसरीकडेच आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ग्रॉसमन मेडिकल स्कूलने २०१८ पासून सर्व विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफ केली. ब्राँक्समधल्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी शंभर कोटी डॉलर दिले, तिथेही फी उरली नाही. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सने तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांची फी माफ केली. राहण्या-खाण्याचा खर्च असतोच, पण फी नाही म्हणजे कर्जाचा मोठा भाग गेला. अशा जागी स्पर्धा भयंकर असते. तिथे घाईचा कच्चा अर्ज टिकत नाही, चौथ्या वर्षी भरलेला पक्का अर्ज निदान वाचला तरी जातो.

मुंबई-पुण्याच्या इंटरनॅशनल शाळांतले पालकही मला एपीबद्दल विचारतात. त्यांनी आधी एक गोष्ट तपासावी: अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल्स फक्त तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. आणि मूल इथेच नीट देणार असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय बारावीला हवेत. परदेशी बोर्ड असेल तर समकक्षता प्रमाणपत्रही लागतं. त्याची चौकशी अकरावीला विषय निवडतानाच करावी.