गाडी दोन वाजता येईल!

ऑफिसच्या कामासाठी अदिस अबाबाला जायचंय म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, ‘तिथे जेवायला काय मिळणार?’ तिची चूक नाही. १९८४च्या दुष्काळाचे फोटो डोक्यात असे चिकटलेत, की इथिओपिया म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही.

काम संपल्यावर एक दिवस मोकळा होता. सिटी टूर बुक केली. रात्री ड्रायव्हरचा फोन, ‘उद्या दोन वाजता.’ म्हटलं चला, ताणून देऊ. सकाळी आठला रिसेप्शनवरून फोन, गाडी खाली उभी! झालं असं, की यांचं घड्याळ उजाडल्यावर सुरू होतं. आपले सात म्हणजे यांचा एक, आठ म्हणजे दोन. कॅलेंडरही आपल्या सात-आठ वर्षं मागे आणि महिने तेरा. तेरावा जेमतेम पाच-सहा दिवसांचा. (त्याचा पगार वेगळा मिळतो का, हे विचारायचं राहिलं.) ‘म्हणजे इथे मी अजून तिशीची झालेच नाही!’ मी म्हटलं. गाईड हसली. माझ्याच वयाची मुलगी.

आधी एन्तोतोचा डोंगर. शहरच समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर, हा तर ३,००० मीटरच्या पुढे. निलगिरीच्या झाडांत चार पावलं चालले आणि जिमची सगळी फी पाण्यात गेल्याचं कळलं. मग नॅशनल म्युझियममध्ये ल्युसी, ३२ लाख वर्षांपूर्वीची आपली पूर्वज. तिचा सांगाडा १९७४मध्ये सापडला. इथले लोक तिला ‘दिंकनेश’ म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. काय गोड नाव आहे ना?

जेवायला इंजेरा. टेफच्या आंबवलेल्या पिठाची, आपल्या आंबोळीसारखी जाळीदार, पण ताटाएवढी. एकाच ताटात सगळ्यांनी खायचं. गाईडने एक घास केला आणि थेट माझ्या तोंडात भरवला! याला ‘गुर्शा’ म्हणतात. ‘आम्ही हबेशा लोक असेच,’ ती म्हणाली.

हबेशा. घास तोंडातच राहिला. आमच्या वर्गात एका सावळ्या मुलीला सगळे ‘हबशी’ म्हणायचे. मीही हसायचे. शब्द कुठून आला, हे कोणी विचारलं होतं?

‘आमच्याबद्दल तुमच्याकडे काही माहितीय?’ तिने विचारलं. तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातला मलिक अंबर मदतीला आला. मी सांगत गेले. इथून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं. १६१०मध्ये त्याने वसवलेलं खडकी म्हणजेच नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिने नाव कागदावर लिहून घेतलं. ‘आणि आम्हाला काय म्हणतात तिकडे?’

‘हबशी.’

‘अरे वा, आमचाच शब्द!’ ती केवढी खूश झाली. पुढचं सांगायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी कॉफी. समोर दाणे भाजून, कुटून, मातीच्या जेबेनात उकळलेली. तीन फेऱ्या प्यायच्या. तिसरीचं नाव ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. आपली बरकतच की!

एअरपोर्टवर बसून वर्गातल्या त्या मैत्रिणीला मेसेज टाकला, ‘हबशी म्हणजे कोण ते आज कळलं. भेट, कॉफी माझ्याकडून. सॉरी म्हणायचंय.’

उत्तर लगेच आलं, ‘किती वाजता?’

आपल्या घड्याळाप्रमाणे सांगितलंय.