शेवटच्या गड्याची वाट पाहणारा संघ

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की सह्याद्रीचे रूप पालटते. पावसाळ्यातील धुके विरून गेलेले असते, ओढे उथळ झालेले असतात आणि दूरची शिखरे स्पष्ट दिसू लागतात. याच सुमारास गिरिभ्रमण करणारी मंडळे आपल्या सहली जाहीर करतात व नवख्यांनाही बोलावतात. ते निमंत्रण वाचून जावेसे तर वाटते. परंतु लगेच मनात शंका येते की, जेथे आपल्या ओळखीचे कोणी नाही, अशा लोकांबरोबर दिवसभर डोंगरात हिंडावयाचे कसे? माझ्या मते ही शंका बाजूस सारून अशा संघात अवश्य सामील व्हावे.

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याचेच उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातील बारी या गावाहून वर जाणारी वाट १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या असल्यामुळे ही चढण सोपी आहे, असा पुष्कळांचा समज होतो. परंतु हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग न्याहाळीत माथ्यावर रेंगाळलेल्या माणसास उतरणीवरच अंधार गाठतो. उतारावरचे वाळलेले गवत शेवाळाइतकेच निसरडे असते. संघात असताना मुरगळलेला पाय ही किरकोळ बाब ठरते. एकट्याला मात्र तीच गोष्ट थंडीच्या रात्री प्राणसंकट होऊ शकते. शिवाय कड्याला आग्या मोहोळ असेल, तर त्याच्याखाली धूर वा गलका करू नये, हे नवख्यास कोण सांगणार? ते जाणत्या सोबत्याकडूनच कळते.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. शाळेत, खेळात, व्यवसायात आपण पुढे जाणाऱ्याचा गौरव करतो. मागे पडलेल्याकडे वळून पाहण्यास तेथे कोणास सवड नसते. डोंगरावरील चांगल्या संघाची रीत याहून निराळी आहे. तेथे एक जाणता सर्वांच्या पुढे चालतो आणि दुसरा जाणता सर्वांच्या मागे. शेवटचा गडी आल्याखेरीज विसावा संपत नाही. जो वेगाने चढू शकतो, तोच थांबतो, आणि प्रसंगी दमलेल्याचे ओझे आपल्या पाठीवर घेतो. त्या दमलेल्याचे नाव, गाव वा जात विचारण्याचे त्याला कारण पडत नाही. ही शिकवण पुस्तकातून समजते खरी, परंतु ती अंगी बाणते चढणीवरच.

थोर गिर्यारोहकांनीही हाच धर्म पाळला. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याच मोहिमेत, काही आठवडे आधी, हिलरी एका हिमभेगेत कोसळले असता तेनसिंग यांनी दोर रोखून धरून त्यांना सावरले होते. शिखरावर आधी पाऊल कोणाचे पडले, असे जग पुढे विचारू लागले, तेव्हा दोघेही प्रारंभी 'आम्ही मिळून पोहोचलो' असेच सांगत. एका दोराला बांधलेल्या माणसांना याहून वेगळे उत्तर सुचणे कठीणच.

कोणी म्हणेल, निसर्गाचे खरे दर्शन एकांतातच घडते. गर्दीने डोंगराची शांतता मात्र भंगते. या आक्षेपात तथ्य आहे. मोठ्याने गाणी वाजवीत जाणारे आणि उष्ट्या पत्रावळी व रिकाम्या बाटल्या मागे टाकून येणारे जमाव मीही पाहिले आहेत. परंतु तो दोष संघाचा नसून शिस्तीच्या अभावाचा आहे. बेशिस्त माणूस एकटा गेला, तरी घाण करतोच. उलट जाणत्या संघात चार डोळे आपल्याकडे पाहत असतात, म्हणून हातातील कागदही आपण खिशात घालतो. एकांताचे म्हणाल, तर चालताना प्रत्येक जण थोडा एकटाच असतो. चढणीवर दम लागला की बोलणे आपोआप थांबते.

म्हणून संघ निवडताना त्याने किती शिखरे सर केली, हे विचारू नये. मागे राहिलेल्यासाठी तो थांबतो का, पायथ्याच्या गावकऱ्यांशी आदराने वागतो का आणि जागा स्वच्छ ठेवून परततो का, हे विचारावे. आपणही काही पथ्ये पाळावीत. वेळेवर यावे, आपले पाणी व उबदार वस्त्र आपण आणावे, प्रमुखाची आज्ञा मानावी आणि थकवा आल्यास तो लपवू नये. थकल्याचे वेळीच सांगण्यात कमीपणा नाही. न सांगण्यात मात्र सर्वांनाच धोका आहे.

आज शेवटच्या गड्यासाठी आपण थांबलो, तर उद्या कदाचित तो शेवटचा गडी आपणच असू. ज्या समाजाला हे उमगले, त्याच्यात कोणीही वाटेवर एकटा मागे राहणार नाही.