घरचा दवाखाना : बकरी धडधाकट, मग बाळ आजारी का?

मिहानच्या आसपास बकऱ्या पाळणाऱ्या माता-भगिनींनो, बकरी धडधाकट आहे म्हणून तिचे कच्चे दूध लेकरांना पाजू नका. बकरी, गाय, हरीण, अगदी युरोपातल्या आल्प्स पर्वतावरचे रानबकरेसुद्धा, या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यांत ई. कोलाय नावाचे जंतू असतात. त्यांतल्या काही जंतूंत विष तयार करणारे जनुक असते. जनावराला सहसा काहीच होत नाही. माणसाला मात्र रक्ताची हगवण लागते, लहान मुलांचे मूत्रपिंडही निकामी होऊ शकते. १९८२ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या मांसातून असाच आजार पसरला, तेव्हा हा जंतू ओळखला गेला.

धार काढताना लेंडीचा कण दुधात पडला तरी पुरे. म्हणून दूध उकळा, मटण पुरते शिजवा, गोठा झाडल्यावर साबणाने हात धुवा. शौचातून रक्त पडले तर मनाने गोळ्या देऊ नका. काही औषधांनी विष वाढू शकते. लेकराला लगेच डॉक्टरांकडे न्या.