जंतूंचा डिंक : उपयुक्त की उपद्रवी?

शाळेत सूक्ष्मजंतूंचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पडतात. एक ‘उपयुक्त’, दुसरा ‘उपद्रवी’. दह्याचे जंतू पहिल्या रकान्यात, पटकीचे दुसऱ्यात. ही यादी पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात. माझे म्हणणे असे, की या दोन रकान्यांमुळे जंतूंची ओळख होत नाही; उलट ती अर्ध्यावर थांबते. मी शिकवतो पदार्थविज्ञान, जीवशास्त्र नव्हे. तरीही हा विषय हाती घेतला, कारण हे रकाने ज्या उदाहरणाने मोडतात ते निम्मे पदार्थविज्ञानाचेच आहे. ते उदाहरण म्हणजे जंतूंनी तयार केलेला डिंक.

डिंक आपल्याला नवा नाही. धावड्याच्या किंवा बाभळीच्या खोडाला जखम झाली की तेथे डिंकाचे खडे जमतात. थंडीत त्याचे लाडू होतात. गवारीच्या बियांपासून काढलेला गम तर परदेशी जातो. 2012 साली अमेरिकेतील तेल व वायूच्या विहिरींसाठी त्याची मागणी इतकी वाढली, की गवारीचे भाव अस्मानाला भिडले. हे सारे पदार्थ म्हणजे साखरेच्या लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. पाण्यात पडल्यावर या साखळ्या फुगतात, एकमेकींत गुंततात आणि पाण्याला सहजासहजी वाहू देत नाहीत. वाहण्याला होणाऱ्या या विरोधालाच आपण श्यानता म्हणतो.

अशा साखळ्या काही जंतूही विणतात. कोबीच्या पानांवर कडेकडून आत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे पिवळे चट्टे पडतात आणि शिरा काळ्या होतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिले असेल. हा रोग आणणारा जंतू झँथोमोनास कँपेस्ट्रिस. स्वतःभोवती तो चिकट आवरण तयार करतो. हे आवरण पाणी धरून ठेवते, म्हणून जंतू कोरड्या हवेतही तग धरतो. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागा ज्या ‘तेल्या’ रोगाने उद्ध्वस्त केल्या, तो रोगही झँथोमोनासच्याच एका भाऊबंदाचा. मग या कुळाला ‘उपद्रवी’ रकान्यात टाकून मोकळे व्हावे ना?

थोडे थांबा. अमेरिकेत पिओरिया येथे शेतीविषयक एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तेथे अ‍ॅलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी जंतूंनी बनवलेल्या साखळ्यांचा अभ्यास करीत होते. कोबी कुजवणाऱ्या या जंतूचा चिकट पदार्थ अत्यंत उपयोगी आहे, हे त्यांनी 1950 नंतरच्या काळात दाखवून दिले. त्याचे नाव झँथन गम. 1969 साली अमेरिकेने तो खाद्यपदार्थांत वापरण्यास मान्यता दिली. आज सॉसच्या बाटलीवर किंवा आइस्क्रीमच्या डब्यावर 415 हा आकडा दिसला, तर तो याच गमचा समजा. मात्र त्यात जंतू जिवंत नसतात. मोठ्या बंद टाकीत साखरेचे पातळ द्रावण, थोडी नत्रयुक्त द्रव्ये आणि क्षार घालून 28 ते 30 अंश सेल्सिअस तपमानाला जंतू वाढवतात. काही दिवसांच्या या किण्वनानंतर उष्णता देऊन जंतू मारतात, अल्कोहोल घालून गम खाली बसवतात, वाळवतात आणि दळतात.

या टाकीत पदार्थविज्ञान कसे येते, पाहा. जंतूंना प्राणवायू हवा, म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडतात आणि पंख्याने द्रव घुसळतात. पण जंतू जसजसा गम बनवतात तसतसा द्रव दाट होतो आणि बुडबुडे सर्वत्र पोहोचेनासे होतात. म्हणजे जंतूंच्या यशामुळेच त्यांचा श्वास कोंडतो! येथे केवळ जीवशास्त्र जाणणारा माणूस पुरा पडत नाही. द्रव कसा वाहतो हे जाणणाराही लागतो.

या द्रवाचा आणखी एक गुण असा, की स्वस्थ असताना तो दाट असतो आणि ढवळला की पातळ होतो. सॉसची बाटली उलटी धरली तर काही पडत नाही, हलवली की भसकन पडते, हे तुम्ही अनुभवले असेलच. तेलविहीर खणतानाही हाच गुण कामी येतो. गिरमिट फिरत असते तेव्हा विहिरीतला द्रव सहज वाहतो. थांबले की दाट होऊन दगडांचा चुरा अधांतरी धरून ठेवतो, तळाशी बसू देत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. विवळवेढ्याला चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते आणि उन्हाच्या त्या दिवसांत उसाच्या रसाची आठवण कोणाला होत नाही? रस ताजाच प्यावा, असे वडीलधारी सांगतात. त्यामागे बरीच कारणे आहेत. त्यांतले एक ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जंतू. 1878 साली व्हॅन टीगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. हा जंतू उसातील साखरेचे दोन भाग करतो. त्यांतला ग्लुकोज साखळीत ओवत जातो आणि फ्रुक्टोज सोडून देतो. या साखळीला डेक्स्ट्रान म्हणतात.

साखर कारखान्याला डेक्स्ट्रान फार महाग पडते. ऊस तोडला की कापलेल्या टोकातून हा जंतू आत शिरतो. कारखान्याच्या दारात ट्रक आणि बैलगाड्या उन्हात रांग लावून उभ्या असतात, तेव्हा तो आपले काम करीत असतो. म्हणून ऊस तोडल्यापासून एका दिवसात गाळावा असे सांगतात. डेक्स्ट्रानमुळे रस दाट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे दाणे बेढब लांबट होतात. शिवाय ते मोजमापही फसवते. रसात साखर किती, हे ठरवायला पोलॅरिमीटर वापरतात. साखर प्रकाशाच्या ध्रुवणाची पातळी किती वळवते ते त्यात मोजतात. डेक्स्ट्रान ही पातळी त्याच दिशेला, पण साखरेच्या सुमारे तिप्पट वळवते. प्रत्यक्षात साखर घटलेली असते, आणि उपकरण मात्र ती आहे त्याहून अधिक दाखवते!

तर हा जंतू उपद्रवी? पण इडलीचे पीठ रात्रीतून फुगवणाऱ्या जंतूंत त्याचाच मोठा वाटा असतो. आणि हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून, त्याच्या साखळ्या ठराविक लांबीच्या ठेवून, रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेत रक्तद्रवाऐवजी देता येते. त्यावरही जीन्सबाईंनी काम केले होते आणि 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. जंतू तोच, साखळी तीच. बदलले ते ठिकाण, प्रमाण आणि वेळ.

म्हणून माझी शिक्षक बंधु-भगिनींना विनंती आहे, की दोन रकान्यांऐवजी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : कोठे? किती? कोणासाठी? काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपवायलाच वेळ पुरत नाही, आणि नववीच्या मुलाला एवढी गुंतागुंत कशाला? ही अडचण खोटी नाही. रोगजंतूंपासून सावध राहायला यादीचा उपयोग होतो, हेही मान्य. परंतु पुढे हाच मुलगा डाळिंबाची बाग लावील, कारखान्यात रसाची तपासणी करील किंवा दवाखान्यात काम करील. तेथे यादी उपयोगी पडत नाही; ‘किती’ हे मोजता यावे लागते.

मोजायला मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. सुई नसलेली 10 मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. तिच्यातून पाणी आपोआप गळून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. मग फडक्यातून नीट गाळलेला उसाचा ताजा रस घेऊन तेच करा. उरलेला रस दोन भांड्यांत, सैल झाकण ठेवून, एक उन्हाच्या बाजूला आणि एक गार जागी ठेवा. सहा, बारा आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजा. दर वेळी तीन मापांची सरासरी घ्या आणि आलेख काढा. हा रस चाखू नका, हात साबणाने धुवा. रस दाट होईलच असे नाही. कधी यीस्ट वरचढ ठरून तो नुसताच आंबेल. तसे झाले तर तेही वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कारण शोधा.

डहाणू-तलासरीच्या मुलांना विज्ञान म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत घडणारी गोष्ट वाटत असेल, तर दोष मुलांचा नाही. त्यांच्या रसाच्या पेल्यात आणि इडलीच्या पिठात ते घडते आहे, हे आपण त्यांना दाखवले नाही. एक सिरिंज आणि एक घड्याळ घेऊन येत्या आठवड्यात सुरुवात तर करून पाहा!