आपला दस्तऐवज परक्याच्या कपाटात का?

चळवळीतला एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता जातो. मोर्चांचे फोटो, पत्रके, भाषणांच्या ध्वनिफिती त्याने मेहनतीने गुगलच्या खात्यात चढवलेल्या असतात. पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतल्या मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. त्याआधी १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. कपाट त्यांचे, नियम त्यांचे. इतिहास मात्र आपला!

१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. साधन आपल्या हाती हवे, हा त्यातला धडा आहे. आज ते साधन विहाराच्या वाचनालयात धूळ खात पडलेला जुना संगणकही असू शकतो.

त्यावर कोणती प्रणाली घ्यावी? ‘नेक्स्टक्लाउड’ मोफत आहे, त्यात कॅलेंडरपासून सगळे मिळते. पण त्याला डेटाबेस लागतो, आणि जुने यंत्र त्या ओझ्याने दमते. आपली गरज फाइली जपण्याची आहे. त्यासाठी ‘सिंकथिंग’ पुरे. तेही मोफत आहे. ते दोन-तीन संगणकांवरचे फोल्डर सारखे ठेवते, फाइली कोणत्याही कंपनीकडे साठवत नाही. फाइली साध्या फोल्डरमध्येच राहतात. उद्या प्रणाली बंद पडली तरी त्या उघडतात. हलके ते निवडावे, कारण बिघाड झाला तर तो वस्तीतल्या मुलामुलींनाच दुरुस्त करायचा आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सुरू करावी आणि दर महिन्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी. ती डिस्क दुसऱ्या गावी ठेवावी. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. आपली वास्तूसुद्धा एका रात्रीत जाऊ शकते, हे आपण पाहिले आहे.

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, म्हणून आपण लिहिला. तो जपण्याचे कामही दुसऱ्यावर सोपवता येणार नाही. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून दोन हार्ड डिस्क घ्या. जयभीम!