डॉक्टरसाहेब, एक प्रश्न राहिला!



कापसाचा भाव, पीकविमा, कर्ज हे आपल्या बैठकांचे विषय. आज मी खाजेवर लिहिणार आहे. हसायचे असेल तर हसून घ्या. पण हसून झाले की आपापल्या घरात बघा. मानेची, पापण्यांची, कोपराच्या आतल्या बाजूची कातडी काळी, जाड आणि खरखरीत झालेले एक तरी माणूस सापडेल. बहुधा ती घरची बाई असेल, आणि तिने ते कुणाला सांगितलेलेही नसेल.

माझी हकिकत सांगतो. परभणी जिल्ह्यात माझी जमीन. सगळी कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. श्रावणात खुरपणी चालू असताना मानेला खाज सुटली. आठ दिवसांत तोंड सुजले, डोळे उघडेनात, उन्हात गेले की आग आग. मेडिकलवाल्याने आपल्या मनाने एक ट्यूब दिली. घरी कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळी झाल्या. मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला आहे, पनवेलला राहतो. तो म्हणाला, "दादा, इकडे या. इथे मोठे डॉक्टर आहेत." पोळा झाला आणि पनवेलला जाणाऱ्या गाडीत परभणीला बसलो.

डॉक्टरांच्या दारात अडीच तास बसलो. नंबर लागला. मी सदऱ्याची बाही वर करू लागलो तर डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणाले, "राहू द्या, दिसतंय." मी सांगू लागलो, "साहेब, खुरपणीच्या दिवसात..."

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"ॲलर्जी आहे."

"कशाची, साहेब?"

"कशाचीही असू शकते. हे लावा, आठ दिवसांनी दाखवा."

तेवढ्यात पुढच्या नंबराची हाक झाली. तीन मिनिटेसुद्धा भरली नसतील. फी ६०० रुपये, औषधे १,१५० रुपये. एवढ्या पैशाची ज्वारी किती, हा हिशेब मी जिना उतरता उतरता केला. तुम्हीही केला असता.

गंमत पुढे आहे. मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आठ दिवस राहिलो आणि सूज उतरली, खाज थांबली. मुलगा खूश, मीही खूश. डॉक्टरांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतल्या. गावी आलो, रानात गेलो, आणि तिसऱ्या दिवशी तोंड पुन्हा भोपळ्यासारखे! मलम चालूच होते. तेव्हा उजेड पडला. मलमाने दाह दबला असेल, पण मला खरा आराम दिला तो रानापासून दूर राहण्याने. दुखणे रानात होते आणि इलाज चालला होता कातडीवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पुढे एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेऊन पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, काम काय करता? बांधाला गाजरगवत आहे का?" पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. गाजरगवताच्या पट्टीखाली कातडी लाल होऊन फुगली होती. दीड महिना, दोन गावे आणि एवढा खर्च करून जे कळले नाही, ते एका प्रश्नाने कळले.

गाजरगवत म्हणजे आपले काँग्रेस गवत. १९५५च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आले. परदेशी धान्याबरोबर आले असे आपण ऐकत आलो. कसेही आले असो, आज बांध, पडीक रान, रस्त्याची कड, काही त्याने सोडलेले नाही. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी धरते. त्याच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे अंगाला लागत राहिले की काहींच्या शरीराला ते सोसेनासे होते, आणि एकदा असे झाले की पुढे थोडेसे लागले तरी अंग उठते. हात लावायलाच हवा असेही नाही. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने येते आणि तोंडावर, मानेवर, पापण्यांवर बसते. पुण्याच्या बाजूला अशा रोग्यांच्या नोंदी डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच करून ठेवल्या आहेत. म्हणजे हे काही नवलाचे दुखणे नाही. शेतकऱ्याला कातडीचे दुखणे घेऊन आलेला पाहिला की हा प्रश्न आधी सुचायला हवा.

इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला पूर्वापार जे प्रश्न विचारतात त्यात आणखी एकाची भर घाला, असे त्याने वैद्यांना सांगितले: तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटून गेली. पनवेलच्या त्या टेबलापलीकडे तो प्रश्न अजून पोचलेला नाही. कारखान्यातल्या कामगाराच्या धंद्याचे रोग कायद्याच्या पुस्तकात तरी आहेत. शेतकऱ्याचा जणू धंदाच नाही, म्हणून धंद्याचा रोगही नाही! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली, तेव्हा कुठे लोकांना कळले की पीक पिकवतानाही माणूस मरतो.

सगळे डॉक्टर वाईट आहेत असे मी म्हणत नाही. दाराशी पन्नास माणसे असली की त्यांनाही घाई होते. पण हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. आणि ते विचारत नसतील तर आपण सांगायला शिकले पाहिजे. मी तिथे गप्प बसलो ही माझी चूक. बाजारात मापाडी काटा मारतो तेव्हा आपण भांडतो, आणि डॉक्टरपुढे मात्र हात जोडून उभे राहतो.

तेव्हा एवढे करा. खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, "मी शेती करतो, अमुक काम करताना हे सुरू झाले, घरी राहिलो की कमी होते." फवारणीनंतर अंग उठले असेल तर औषधाच्या डब्यावरचे नाव लिहून न्या. रोगाचे नाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दुकानदाराने दिलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज तेवढ्यापुरती थांबते. पण गजकर्ण असेल तर ते आतून पसरते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी दुकानात मागेल त्याला मिळतेच.

गाजरगवत फुलायच्या आत उपटा, पण उघड्या हाताने नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडके असू द्या. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला. ज्याचे अंग एकदा उठले आहे त्याला त्या कामाला लावूच नका. आणि एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही. शेजारच्या पडीकातून वारा येतोच. हे काम सगळ्या गावाने एका आठवड्यात करायचे आहे.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना आपल्या गावात अशी किती माणसे आहेत ते मोजून या. बायकांना वेगळे विचारा. आपले दुखणे आपणच मोजले नाही, तर दुसरे कोण मोजणार?